अजून एक तांब्या

सुलू देवघराच्या उंबऱ्याशी बसली होती आणि तिच्या केसांतून शिकेकाईचं पाणी फरशीवर ओघळत होतं. मी पिठाच्या हातांनी स्वयंपाकघरातून धावत आले तोवर घर गोळा झालं होतं. सासूबाई धुपाटणं घेऊन तिच्या समोर, थोरले दीर हात जोडून बाजूला, आणि आमच्या भाताच्या गिरणीतले दोघे गडी अंगणात टोप्या काढून उभे. सुलूचे डोळे उघडे होते, पण ती कुणालाच बघत नव्हती. तोंडात काही नसताना ओठ चघळल्यासारखे हलत होते, बोटं परकराचा काठ चाचपत होती. मग मान एका बाजूला ओढली गेली, ती आडवी झाली आणि सगळं अंग ताठ होऊन थडथडायला लागलं.

सासूबाई म्हणाल्या, "आली. लक्ष्मी आली." आणि त्यांनी धूप वाढवला.

सुलूची आई, म्हणजे माझी थोरली जाऊ अनसूया, लेकीचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. तिला मी अक्का म्हणायची. तिच्या लुगड्याचा काठ ओला झाला होता आणि ती सुलूच्या तोंडावरचे ओले केस बाजूला सारत होती, एवढंच. रडत नव्हती. थोड्या वेळानं थडथड ओसरली, सुलू घोरायला लागली, आणि गडी टोप्या घालून कामाला गेले. दिवस शुक्रवारचा होता. तो शुक्रवारचाच असायचा.

या गोष्टीला आता चाळीसेक वर्षं झाली. आमचं गाव आजऱ्याजवळचं, अर्धी माणसं मराठी बोलतात आणि उरलेली कानडीतून मराठी बोलतात असं. मी मिरजेची, लग्न होऊन त्या घरात आले तेव्हा मॅट्रिक पास होते आणि त्याची मला फार घमेंड होती. सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणायचो. थोरले दीर आण्णा गिरणी बघायचे, आमचे हे त्यांच्या हाताखाली. अक्काचं लग्न पंधराव्या वर्षी झालेलं. ती उजाडायच्या आधी उठायची आणि सगळे जेवून उठले की जेवायची. सुलू तिची एकुलती एक. सातवीत होती, गणितात अशी हुशार की आण्णा गिरणीचा हिशेब तिच्याकडून ताडून घ्यायचे आणि बाहेर मात्र सांगायचे नाहीत.

सुलूला हे झटके सुरू होऊन वर्ष होत आलं होतं. सोमवारी कधी आले नाहीत, शनिवारी आले नाहीत, शाळेत कधी आले नाहीत. शुक्रवारी, आणि तेही देवापुढं. गावातल्या डॉक्टरांनी रोजची पांढरी गोळी चालू केली. तिनं एवढंच झालं की सुलू वर्गात पेंगायला लागली. शुक्रवार काही चुकला नाही. आत्याबाईंना आणखी पुरावा नको होता. आजारपण वार बघून येत नाही, देवी येते, असं त्या म्हणायच्या. मे महिन्यात सुलू मामाकडे तळकोकणात गेली होती. तिकडं एकही शुक्रवार तिला काही झालं नाही. मी ते लगेच पुढं केलं. आत्याबाई शांतपणे म्हणाल्या की देवी घाट उतरत नाही. देवीला गाडी लागत असावी असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं, पण मला त्या घरात नांदायचं होतं.

श्रावणात कुठल्याशा गावची एक जाणती बाई आली, तिनं सुलूच्या कपाळाला हात लावला आणि सांगितलं की पोरीला देवीनं धरलीय. घरात ठेवून सुटणार नाही. देवीच्या ठाण्यावर नेऊन ठेवा, सव्वा वर्ष सेवा करू दे, झाडलोट, प्रदक्षिणा, एकभुक्त. मग देवी प्रसन्न होऊन सोडेल. आत्याबाईंची एक विधवा चुलतबहीण होती, गोदाक्का नावाची. ती बरोबर राहायला तयार झाली. दसरा झाला की निघायचं ठरलं.

शाळेचं काय, असं कुणी विचारलं नाही. विचारलं ते सुलूनं, आणि तेही मला. मी तांदूळ निवडत होते, ती शेजारी येऊन बसली, खडे वेचायला लागली.

"काकी, ठाण्यावर शाळा असती काय?"

मी म्हटलं, नसते.

"मग आठवी?"

मी सूप पुढं ओढलं. सव्वा वर्षानं परत आलेल्या मुलीला आमच्याकडे कोण आठवीत बसवणार होतं? स्थळं बघितली असती. ती तेराची होत होती.

त्या दुपारी मी आमच्या ह्यांच्या मागं लागले. म्हटलं, मिरजेला मेंदूचा डॉक्टर आहे, एकदा दाखवू, मग काय करायचं ते करा. हे आण्णांशी बोलले. आण्णा मनातून हलले होते, लेकीचा हिशेबी हात त्यांना हवा होता, ते कबूल झाले. आत्याबाईंनीसुद्धा फार ताणलं नाही. त्यांचा देवीवर एवढा भरवसा होता की डॉक्टरला घाबरायचं त्यांना कारणच नव्हतं. त्यांनी एकच अट घातली. डॉक्टरानं बरी केली तर राहील, पण दसऱ्याच्या आत पुन्हा एकदा जरी पडली तरी गोदाक्काबरोबर गाडीत बसवायची. आण्णांनी मान हलवली.

नको म्हणाली ती अक्का.

मला ते कळेनाच. जिनं पहिल्यांदा पदर खोचून निघायला हवं होतं, तीच म्हणायला लागली की लांब पडतं, पोरगी दमेल, डॉक्टर नाही नाही ते विचारतात. मी चिडले. मी थोरल्या जावेला उलटून बोलायची नाही, पण त्या दिवशी बोलले. म्हटलं, "अक्का, तुमची लेक आहे का माझी?" ती माझ्याकडे बघत राहिली आणि चुलीपुढं जाऊन बसली. मला वाटलं, तिलाही देवीच हवी आहे.

तिचं आणि लेकीचं घरात काही जमत नसावं असं मी आल्यापासून धरून चालले होते. मिरजेला माझ्या आईनं मला मोठी होईपर्यंत मांडीवर बसवलं. इथं थोरांच्या देखत आपलं पोर जवळ घ्यायचं नाही, त्याचे लाड करायचे नाहीत, अशी रीत होती, आणि आमच्या घरात थोर माणूस नाही अशी जागा शोधून सापडली नसती. सुलू तापानं फणफणली तरी तिच्याजवळ आत्याबाई बसायच्या आणि अक्का दारातून विचारून जायची. शुक्रवारचं न्हाणं तेवढं अक्काच्या हातचं. ते काम ती दुसऱ्या कुणाला करू द्यायची नाही.

मिरजेला आम्ही पाच जण गेलो, आण्णा, अक्का, सुलू, हे आणि मी. डॉक्टर हेगडे तरुण होते, म्हैसूरकडचे, आणि मराठी अशी जपून बोलायचे की जणू शब्द काचेचे आहेत. त्यांनी आधी सुलूच्या डोक्याला तारा चिकटवून कागदावर रेघा काढून घेतल्या. रेघा नीट होत्या. आण्णांचा चेहरा पडला. त्यांना वाटलं आजार नाही म्हणजे देवीच. डॉक्टरांनी सांगितलं की झटका नसताना कागद स्वच्छ दिसू शकतो, त्यानं झटका खोटा ठरत नाही. कागदापेक्षा बघणाऱ्या माणसाचं बोलणं त्यांना जास्त उपयोगी होतं.

मग त्यांनी विचारायला सुरुवात केली आणि आण्णा सांगायला लागले. शुक्रवारी येतो. देवापुढं येतो. डोळे उघडे असतात, ओठ हलतात, मग मान वळते, मग अंग थडथडतं. डॉक्टर लिहीत होते.

"देवापुढं कशी येती? चालत?"

"हिची आई आणती. हाताला धरून."

"मग सुरू कुठं झालं? डोळे लागले, ओठ हलले, ते पहिल्यांदा कोण बघितलंय?"

आण्णा म्हणाले की आम्ही हाक ऐकून येतो. हे म्हणाले, मीसुद्धा. डॉक्टर माझ्याकडे वळले. मी सांगितलं की मी स्वयंपाकघरात असते. सुलू मान खाली घालून खुर्चीचा पत्रा नखानं खरवडत होती. अक्का दाराजवळ उभी होती, तिला बसायला सांगितलं तरी ती बसली नव्हती.

आणि तेव्हा माझ्या डोळ्यांपुढं ती फरशी आली. शिकेकाईचं पाणी. धुवून झालेल्या केसांतून फेस गळत नाही. न्हाणं अर्ध्यावर टाकून कुणी पोरीला देवापुढं आणत नाही.

डॉक्टरांच्या काय लक्षात आलं कोण जाणे, त्यांनी आण्णांना आणि ह्यांना औषधाच्या दुकानात पिटाळलं. दार लागलं. मी अक्काजवळ गेले.

"अक्का, तिच्या केसांत फेस असतो."

तिनं पदर डोक्यावरून पुढं ओढला. मग डॉक्टरांकडे न बघता, भिंतीला सांगितल्यासारखं म्हणाली, "न्हाणीत होतंय. डोळे लागतात, मग काय बी बोलती, हाक ऐकत न्हाई. पोरीची जात. अंगावर कापूड न्हाई. तिथनं हाक मारली असती तर गिरणीतली गडीमाणसं पळत आली असती. म्हणून मी परकर-पोलकं चढवती, बाहेर आणती, मग हाक मारती."

"मग देवापुढं का नेलं?" मी विचारलं.

"दुसरीकडं कुठं नेऊ? न्हाणीतनं निघालं की आधी देवघरच लागतंय."

आत्याबाईंची लक्ष्मी, जाणत्या बाईचं निदान, सव्वा वर्षाची सेवा, सगळं त्या एका वाक्यावर उभं होतं. आमच्या न्हाणीचं दार देवघराकडे उघडतं. मला हसू यायला हवं होतं. आलं नाही.

डॉक्टरांनी पुढचं विचारलं ते अगदी हळू. शुक्रवारी पाणी कसं असतं? अक्का म्हणाली, कढत. तेल निघायला कढतच लागतं, आणि हिला कढत आवडतंय. डोक्यावरून? हो, तांब्यातांब्यानं. बाकीचे दिवस? अंगावरून, साधं. कोकणात मामाकडे? सुलूनंच सांगितलं, विहिरीवर, गार.

डॉक्टर उठून सुलूच्या समोर स्टुलावर बसले आणि तिलाच सांगायला लागले, आम्हाला नाही. मला ते फार आवडलं. म्हणाले, मेंदूत सारखी बारीक वीज चालू असते, ती कधी एकदम भडकते, त्याला फिट म्हणतात. सगळ्यांची फिट सारखी नसते. एखादं पोर वर्गात क्षणभर टक लावून थांबतं आणि पुन्हा लिहायला लागतं, मास्तरांना वाटतं लक्ष नाही. ती पण फिटच. एखाद्याला पहिल्या झटक्यातच सगळं अंग थडथडतं. तुझी मेंदूच्या एका कोपऱ्यात सुरू होते. तेवढ्यात तू जागी दिसतेस पण असत नाहीस, ओठ हलतात, बोटं चाचपतात. मग ती सगळीकडे पसरते आणि तू पडतेस. आणि काही जणांची ठिणगी ठरलेली असते. कुणाला लुकलुकता दिवा चालत नाही, कुणाला डोक्यावर कढत पाणी चालत नाही. आमच्या म्हैसूरकडे अशी मुलं पुष्कळ बघितलीत. देवीचं यात काही नाही, आणि तुझंही काही चुकलेलं नाही.

सुलूनं मान हलवली. अक्का पुढं आली आणि तिनं टेबलाची कड धरली.

"म्हंजे मीच करत हुते."

"तुम्ही नाही. पाणी."

"पाणी कोण तापवत हुतं? कोण घालत हुतं?" असं म्हणून ती खाली बसली, खुर्चीत नाही, जमिनीवर. देवीनं धरलं म्हणून ती पोरीला आणखी कडक न्हाऊ घालायला लागली होती, शुक्रवार निर्मळ व्हावा म्हणून. ते तिनं मला पुढं कधीतरी सांगितलं. डॉक्टर सांगत होते आणि मी लक्षात ठेवत होते. पाणी कोमट, कोपराला जेमतेम ऊब लागेल एवढंच. न्हायच्या आधी तासभर एक छोटी गोळी. रोजची पांढरी गोळी हळूहळू उतरवायची, एकदम तोडायची नाही, नाहीतर झटके उलटे वाढतात. न्हाणीची आतली कडी काढून टाकायची आणि पोरीला एकटी न्हाऊ द्यायची नाही. झटका आलाच तर कुशीवर वळवायचं, दाबून धरायचं नाही, तोंडात काही कोंबायचं नाही, हातात किल्ली द्यायची नाही, नाकाला कांदा लावायचा नाही. पाच मिनिटांत थांबला नाही तर दवाखाना गाठायचा.

घरी येऊन मी आत्याबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं की आम्ही सगळ्या जन्मभर कढत पाण्यानं न्हालो, आम्हाला का झालं नाही? प्रश्न सरळ होता. मी म्हटलं, एकाला बाधतं ते दुसऱ्याला बाधत नाही. त्या म्हणाल्या, "बघू. दसऱ्यापतोर बघू." आण्णांनी त्याच संध्याकाळी न्हाणीची कडी उपटून काढली.

पुढच्या शुक्रवारी मी पाणी काढलं, विसण घालून कोमट केलं आणि अक्काला हाक मारली. ती आली नाही. मागच्या अंगणात भांडी घासत होती. म्हणाली, "तू घाल. माझा हात नको." मी समजावून बघितलं. डॉक्टर काय म्हणाले ते पुन्हा सांगितलं. तिनं राखेचे हात पुढं केले आणि त्यांच्याकडे असं बघितलं की मी एकटीच न्हाणीकडे वळले. सुलूला मीच न्हाऊ घातलं. ती पाटावर अंग चोरून बसली होती, पाणी गार आहे म्हणाली नाही, कढत दे म्हणाली नाही. न्हाणं झालं, ती आपल्या पायांनी बाहेर आली. काही झालं नाही. देवघरात आत्याबाई धुपाटणं तयार ठेवून बसल्या होत्या, त्यांनी निखारे विझवले.

त्याच्या पुढचाही शुक्रवार तसाच गेला. मग आण्णांनी पेढे आणले. आत्याबाई म्हणाल्या, देवीनं ऐकलं. श्रेय देवीला गेलं आणि मी ते जाऊ दिलं, सुलू घरात राहिली की मला पुरे होतं. पण सुलू बरी दिसेना. रोजची गोळी उतरत होती, वर्गात पेंगायची थांबली होती, गुरुजी खूश होते. घरात मात्र ती अर्धी भाकरी टाकून उठायची आणि अक्का जाईल तिथं पाठोपाठ जाऊन नुसती उभी राहायची. अक्का तिच्याकडे बघायची नाही. बघायची ते पोर झोपल्यावर.

नवरात्रातला शुक्रवार आला. दसरा तोंडावर होता. गोदाक्का आदल्या दिवशीच गाठोडं घेऊन आली होती, न जाणो देवीच्या मनात काय असेल म्हणून. घरात पुरणाचा स्वयंपाक, सवाष्णी जेवायच्या होत्या, माझे दोन्ही हात गुंतलेले. सुलूला मी सकाळी गोळी दिली होती आणि बजावलं होतं की पोळ्या झाल्या की मी येते, तोवर थांब. मध्येच मी तूप आणायला कोठीत गेले तर न्हाणीच्या दाराखालून वाफ येताना दिसली.

मी दार ढकललं. सुलू पाटावर बसली होती. सगळी न्हाणी धुरकटली होती. विसणाची बादली कोरडी, गोळी कोनाड्यात शिकेकाईच्या वाटीशेजारी तशीच, आणि तिनं हंड्यातून भरलेला तांब्या दोन्ही हातांनी डोक्यावर उचलला होता. मी तो हिसकला. माझ्या मनगटावर पाणी सांडलं, त्याचा डाग अजून आहे.

माझा राग मस्तकात गेला होता. दबक्या आवाजात ओरडणं किती कठीण असतं ते मला तेव्हा कळलं. म्हटलं, बाहेर गोदाक्का गाठोडं बांधून बसलीय, तुला कळतंय का? आज पडलीस तर शाळा गेली, घर गेलं.

"कळतंय."

"मग डॉक्टर मिरजेला काय सांगत होते? पाण्यानं होतंय हे तुला समजलं नाही?"

"मला आधीच माहीत हुतं," सुलू म्हणाली. "पाण्यानंच होतंय ते. कढत पाणी पडलं की पहिल्यांदा बरं वाटतंय. सगळं लांब जातंय. मीच आईला म्हणायची, अजून एक तांब्या. ती घालायची."

"अगं, मग सांगितलं का नाहीस वर्षभर?"

तिनं माझ्याकडे असं बघितलं, की एवढी शिकलेली काकी आणि हिला हे कळू नये. "सांगितलं असतं तर आई न्हाऊ घालायची बंद झाली असती. झालीच की."

मी पदरानं मनगट दाबून उभी होते.

"पडल्यावर ती मला मांडीवर घेती," सुलू म्हणाली. "सगळ्यांच्या देखत. तवा कोण काय म्हणत न्हाई."

माझ्या मागं कुणाचातरी श्वास ऐकू आला. अक्का दारात होती. हातात तुपाची बुधली होती, कोठीतून तिनंच ती उचलून आणली असणार. कुठपासून उभी होती मला माहीत नाही, पण तिच्या तोंडाकडे बघून कळलं की पुरेसं ऐकलं होतं. तिनं बुधली माझ्या हातात दिली.

"जा प्रमिला. पोळ्या करपतील."

मी गेले नाही. दाराबाहेर, भिंतीला टेकून उभी राहिले. जाववेनाच. अक्का मागच्या दारानं गेली आणि गार पाण्याची बादली भरून आली. ती हंड्यात रिकामी झाल्याचा आवाज आला, मग आणखी एक. मग काही वेळ काहीच आवाज आला नाही. ती कोपर बुडवून बघत असावी.

"गार हाय," सुलू म्हणाली.

"असंच असतंय आता."

पाण्याची धार पडली. शिकेकाई चोळल्याचा आवाज यायला लागला, सावकाश. स्वयंपाकघरातून आत्याबाई मला हाका मारत होत्या, गोदाक्का देवघरात जपमाळ ओढत बसली होती आणि तिचे डोळे न्हाणीच्या दारावर होते. माझेही होते. कढत पाण्याशिवाय काही व्हायचं कारण नाही हे मला पाठ होतं, पण गोळी कोनाड्यात होती आणि त्या वेळी माझा डॉक्टरवरही विश्वास नव्हता, देवीवरही नव्हता.

"अजून एक तांब्या," आतून सुलू म्हणाली.

पाणी पडलं नाही. मला वाटलं तिचा हात पुन्हा गळाला. मग तिचा आवाज आला, घोगरा, "घालती. आज घालती, पुढल्या शुक्रवारी घालती. तू नको म्हणशील तोवर घालती. पण पुन्हा कढत घेतलंस तर बघ." आणि धार पडली.

दोघी बाहेर आल्या तेव्हा सुलू आपल्या पायांनी चालत होती, डोक्याला पंचा गुंडाळलेला. गोदाक्कानं माळ थांबवली. अक्का देवघरावरून पुढं गेली, तिथं थांबली नाही. सोप्यात आली. आण्णा बसले होते, हे बसले होते, सवाष्णी यायला लागल्या होत्या. अक्का त्या सगळ्यांच्या मधोमध पाय पसरून बसली, तेरा वर्षांची ती लांबलचक पोरगी तिनं आपल्या दोन्ही गुडघ्यांत बसवून घेतली आणि तिचे केस पुसायला लागली.

आण्णांनी वर बघितलं आणि पुन्हा खाली बघितलं. सुलूनं डोळे मिटून मान आईच्या छातीला टेकली होती, आणि मला एकदम भीती वाटली, म्हणून मी जवळ जाऊन बघितलं. ओठ हलत नव्हते. बोटं परकरावर नुसती पडून होती. तिला झोप येत होती, एवढंच.

आतून आत्याबाईंनी हाक मारली की नैवेद्याचं ताट खोळंबलंय, थोरली सून कुठं आहे.

"येते," अक्का म्हणाली. "पोरीचं डोकं ओलं हाय."

आणि ती उठली नाही.